क्यूआर कोड सगळ्यात शेवटी

महागडे उपचार न परवडणाऱ्या रुग्णांसाठी नाशिकमध्ये एखादं व्यासपीठ उभं राहणार असेल, तर त्याने देणग्या गोळा करू नयेत. निदान पहिल्या पानावर तरी नकोत. हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. या विषयावर हल्ली जो कोणी उत्साहाने बोलतो, त्याच्या डोक्यात एकच चित्र असतं: अॅप, रुग्णाचा फोटो, क्यूआर कोड आणि जमा रकमेबरोबर पुढे सरकणारा हिरवा पट्टा. माझं म्हणणं एवढंच, की तो पट्टा सगळ्यात शेवटी यावा. त्याच्या आधीचं काम मोठं आहे, कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते कुणी हातात घेत नाही.

आवाहनाचा नमुना आता सगळ्यांना पाठ झाला आहे. नळ्या लावलेलं मूल, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं आठ-दहा लाखांचं एस्टिमेट, वडील सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत कामगार, खाली खाते क्रमांक. सोसायटीच्या ग्रुपवर ते आलं की कुणी पाचशे टाकतो, कुणी हात जोडलेली खूण टाकतो. मला मात्र त्यात नसलेली माहिती हवी असते. वडिलांना कामगार विमा लागू आहे का? हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का? बसत असेल तर प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, टाकला होता का, आणि नाकारला असेल तर काय कारण देऊन? हे रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का? पाचशे देणाऱ्याला हे विचारायचं सुचत नाही आणि मागणाऱ्याला बहुतेक वेळा ते ठाऊकच नसतं.

कागदावर पाहिलं तर पैसा थोडाथोडका नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं छत्र होतं आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. आता आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली आहे, छत्र पाच लाखांचं झालं आहे आणि पांढऱ्या कार्डवालाही आत आला आहे. २०२३ च्या निर्णयाने यादीतले उपचार १३५६ झाले, पुढे ती यादी आणखी वाढवायचं ठरलं. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न विचारता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के राज्य कामगार विम्यात जातात. त्यातून सुपरस्पेशालिटी उपचारही मिळू शकतात. शिवाय मुख्यमंत्री सहायता निधी. शिवाय अपघातग्रस्तांसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना, सात दिवसांपर्यंत दीड लाखाची.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट तर याहून जुनी. १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत टाकायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवायचं नाही, हेही त्यातच आहे. जमीन, कर, चटई क्षेत्र अशा सवलती घेतल्यावर समाजाने मागितलेली ही परतफेड आहे. ती औदार्यात मोजायचं कारण नाही.

आणि नाशिक काही आडवळणाचं गाव नाही. त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे, शालिमारला हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगासाठी सरकारनेच बांधलेलं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आडगावला मविप्र संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीचं. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार पाहणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरूळला आहे. तरीही आवाहनं थांबत नाहीत, कारण पैसा आणि रुग्ण यांच्यामध्ये एक काउंटर आहे.

त्या काउंटरवरचं ठरलेलं वाक्य: “काका, योजनेचा बेड आज नाही. आत्ता डिपॉझिट भरून घ्या, मग बघू.” सगळी गोम या ‘मग बघू’त आहे. योजना कॅशलेस आहे. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून फाइल उघडली की ती योजनेत वळवणं महाकठीण. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात, हे त्या काकांना कुणी सांगत नाही. एखादं रुग्णालय हृदयासाठी योजनेत असतं पण कर्करोगासाठी नसतं, हेही कळत नाही. मग कागदांच्या गाठी. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. धर्मादाय खाटेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा, आणि रुग्ण आयसीयूत. योजनेची वाट दाखवणारा आरोग्यमित्र असतो, पण तो रुग्णालयाच्या आत बसलेला. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मे निर्णय घेऊन झालेले असतात.

या गाठी सोडवणारी एक यंत्रणा आपल्याकडे आहे आणि ती चांगली चालते, हे मान्य करायला हवं. ती म्हणजे पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय. जवळपास सगळ्याच पक्षांनी वैद्यकीय मदत कक्ष काढले आहेत, त्यांचे ‘आरोग्यदूत’ आहेत. रात्री दोनला फोन लावा, कार्यकर्ता उचलतो, डॉक्टरांशी बोलतो, खाट मिळते. यातल्या कित्येक पोरांनी खरोखर जीव वाचवले आहेत; त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण होतं काय, की जी खाट कायद्याने त्या माणसाचीच होती, ती साहेबांच्या कृपेने मिळाली असं त्याच्या मनावर ठसतं. पुढे चौकातल्या होर्डिंगवर त्याच कृपेचा आकडा छापला जातो. ज्याची कार्यकर्त्याशी ओळख नाही, त्याचं काय? पाथर्डी फाट्याच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बिहारी मजुराचं इथल्या मतदारयादीत नाव नाही, त्यामुळे त्याच्यासाठी रात्री दोनला कुणी उठत नाही. त्याच्या राज्याचं आयुष्मान कार्ड इथल्या संलग्न रुग्णालयातही चालतं, ही एवढीशी माहितीसुद्धा त्याच्यापर्यंत जात नाही.

मला हवं असलेलं व्यासपीठ म्हणजे साहेबांशिवाय चालणारं हे संपर्क कार्यालय. फोन उचलणारा माणूस तोच, फक्त कुणाचा उपकार नाही.

आता देणग्यांकडे वळू. केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू यांसारख्या कंपन्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे क्षेत्र उभं केलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या बाळाच्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारावरच्या इंजेक्शनसाठी लोकांनी सोळा कोटी जमवले आणि केंद्राने आयात कर माफ केला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा यशाने डोळे दिपतात. पण दिपलेले डोळे एरवीचं चित्र पाहत नाहीत. ही पद्धत सर्वांत जास्त रुजली अमेरिकेत. तिथल्या २०१६ ते २०२० या काळातल्या चार लाखांहून अधिक वैद्यकीय आवाहनांचा अभ्यास नोरा केनवर्दी आणि मार्क इग्रा यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. ठरवलेली रक्कम गाठणारी आवाहनं सुमारे १२ टक्के निघाली. १६ टक्क्यांना एक डॉलरही मिळाला नव्हता. आणि ज्या भागांत उत्पन्न कमी, विमा कमी, कर्ज जास्त, तिथल्यांच्या वाट्याला कमी पैसे आले. म्हणजे ज्याला जास्त गरज त्याला कमी.

आपल्याकडे वेगळं होईल असं मानायला मला कारण दिसत नाही. ज्याची चुलत बहीण पुण्यात आयटीत आहे, ज्याला बरं इंग्रजी लिहिता येतं, ज्याचं मूल गोड दिसतं, त्याचा पट्टा भराभर सरकतो. साठीतल्या, दारूने यकृत गेलेल्या हमालासाठी कोण क्यूआर कोड स्कॅन करणार? डायलिसिसचा रुग्ण तर या बाजारात नापासच. त्याची गोष्ट संपत नाही. आठवड्याला दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षं तीच. एक ऑपरेशन, मग हसरा फोटो, असा शेवट त्याच्याकडे नाही. त्यात देणगीच्या वर ‘टिप’ मागणारी पट्टी, रडक्या आवाजातल्या जाहिराती. हे इतकं झालं की जाहिरात मानक परिषदेला धर्मादाय जाहिरातींसाठी वेगळे नियम करावे लागले. आणि त्या मुलाचा फोटो? रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली मुलगी पंधरा वर्षांनी नोकरीला लागेल, तिचं लग्न ठरेल, तेव्हाही नाव टाकलं की टक्कल पडलेला, तोंडाला मास्क लावलेला तो फोटो वर येईल. तिची परवानगी कुणी घेतली होती?

देणगीच्या रस्त्याची आणखी एक खोट आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. त्यात एस्टिमेटला कुणी प्रश्न विचारत नाही. लेटरहेडवर बारा लाख लिहिले की बारा लाख जमवायचे, एवढंच उद्दिष्ट. बारा का, सात का नाही, हे कुणाच्या मनात येत नाही. किमतीवर बोट ठेवल्याने काय होतं ते पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या औषधवेष्टित स्टेंटवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. त्याआधी त्यांची लाखाच्या पुढे विक्री होत होती. वर सांगितलेल्या बाळाच्या आजारावरच तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम नावाचं औषध आहे. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या वर. २०२५ मध्ये न्यायालयातून वाट मोकळी झाल्यावर हैदराबादच्या नॅटको कंपनीने ते १५,९०० रुपयांना आणलं. या दोन निर्णयांनी ज्यांचा भार हलका केला, त्यांतल्या कुणाला फोटो छापावा लागला नाही. पाच वर्षं आवाहनं केली असती तरी एवढं झालं नसतं.

म्हणून व्यासपीठावर एस्टिमेट टाकलं की शेजारी योजनेतला त्याच उपचाराचा पॅकेज दर, म्हणजे त्यासाठी रुग्णालयाला मिळणारी ठरलेली रक्कम, दिसायला हवा. रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं, असा राज्याचा २०२१ चा नियम आहेच. तो भिंतीवरून फोनवर आणायचा, इतकंच. रेशनकार्डाचा क्रमांक, वय, नोकरी, आजार आणि सध्या कुठे दाखल आहे, एवढं भरलं की कोणत्या योजना लागू, कोणता कागद कमी आणि हा उपचार योजनेतून जिल्ह्यात कुठे होतो, हे मराठीत समोर यावं. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते नकाराची नोंद ठेवणं. ‘बेड नाही’ हे वाक्य आज हवेत विरतं. ते कुणी, कोणत्या वेळी, कोणत्या आजाराच्या रुग्णाला सांगितलं, हे लिहून ठेवणारी व्यवस्था झाली तर अर्धी लढाई तिथेच संपेल. नकार लेखी द्यायचा म्हटलं की पुष्कळदा खाट सापडते, हा कुठल्याही आरोग्यदूताचा अनुभव आहे. दर महिन्याला रुग्णालयनिहाय आकडे बाहेर यावेत: किती रुग्ण योजनेतून मागायला आले, किती घेतले, किती परत पाठवले. धर्मादाय खाटांचंही तसंच. संकेतस्थळावर रिकामी दिसणारी खाट प्रत्यक्षात किती जणांना मिळाली, हे सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला एका नजरेत दिसावं.

रुग्णालयवाल्यांचं यावर उत्तर तयार असेल, आणि ते खोटं नाही. पॅकेजचे दर कित्येक उपचारांत खर्चाला पुरत नाहीत, शंका (क्वेरी) काढून काढून दावे लोंबकळतात, सरकारकडून पैसे महिनोन् महिने येत नाहीत. नर्सचा पगार मात्र एक तारखेला द्यावा लागतो. मान्य. मग तीही नोंद त्याच पानावर असू द्या: कोणत्या रुग्णालयाचे किती दावे किती दिवसांपासून सरकारकडे अडकले आहेत. रुग्णालयाचा नकार उघड करायचा आणि सरकारची उधारी झाकायची, असं केलं तर चांगली रुग्णालयं योजनेतून बाहेर पडतील आणि नुसते कागदावर मंजूर झालेले उपचार उरतील. मुंबईत बसून पॅकेज ठरवणाऱ्यांना नाशिकमधल्या भूलतज्ज्ञाची फी काय आहे, हेही कळायला हवं.

एवढं सगळं केल्यावर जी फट उरते, तिथे देणगी यावी. आणि काही आजारांत फट खरोखर मोठी असते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली नेक्सकार-१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच पेशी बदलून वापरणारी) एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे चाळीस लाखांच्या आसपास आला. केवढी मोठी गोष्ट! पण पाच लाखांच्या छत्राखाली राहणाऱ्याला चाळीस काय आणि चारशे काय. दुर्मीळ आजारांसाठी केंद्राच्या २०२१ च्या धोरणात पन्नास लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईचं केईएम त्याचं एक उत्कृष्टता केंद्र आहे. तरी काही औषधं त्याच्याही पार जातात. इथे लोकांनी दिलेला पैसा लागणारच. माझी अट एवढीच, की तो एकेका चेहऱ्यासाठी न मागता सामायिक निधीत यावा, वाटप डॉक्टरांची समिती करील, रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाईल आणि उरली तर निधीत परतेल. रुग्णाचं नाव-गाव देणाऱ्याला कळायची गरज नाही. चेहरा नसेल तर लोक देणार नाहीत, असं म्हणतात. गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत टाटाला आलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या कित्येकांनी दिवस काढले आहेत. तिथल्या खोल्यांसाठी पैसे देणाऱ्यांनी आत कोण राहणार, याचा फोटो कधी मागितला होता?

आजार होण्याआधीच पैसा जमवायचा तर तो सहकाराचा रस्ता. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली तेव्हा सभासद महिन्याला पाच रुपये भरत होता. आपल्याकडे द्राक्ष बागाईतदारांचा संघ आहे, मोहाडीची सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी आहे, गावोगावी दूध संस्था आहेत. अडचणीत आलेल्या जिल्हा सहकारी बँकेचं जे झालं ते डोळ्यांसमोर असताना सहकाराचं नाव काढायला धीर लागतो, हे खरं. पण छत्राच्या वरच्या खर्चासाठी सभासदांचा सामायिक विमा ही कल्पना त्यामुळे बाद होत नाही.

हे सगळं चालवणार कोण? गुंतवणूकदाराच्या पैशावर चालणारी कंपनी नको. तिला वाढ दाखवायची असते, आणि इथे यश म्हणजे आवाहनं कमी होणं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जिल्हा परिषद, महापालिका आणि धर्मादाय कार्यालय यांनी मिळून संस्था काढावी, कारभारात रुग्णहक्कांसाठी काम करणाऱ्यांना मत असावं. माहिती २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याप्रमाणे संमतीनेच घ्यावी आणि काम झालं की पुसावी. खर्च मुख्यतः पगारांचा आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी यासाठी मागता येईल. कंपनीचं नाव रंगवलेली आणखी एक रुग्णवाहिका घेण्यापेक्षा रुग्णांना कागदपत्रांत आणि योजनांत मदत करणाऱ्या दहा समाजसेवा अधीक्षकांचे पगार दिलेले बरे. अर्थात पगारावर नाव रंगवता येत नाही, ही अडचण आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते-घाटांवर हजारो कोटींची आखणी करणाऱ्या शहराला एवढा खर्च झेपणार नाही, असं कुणी म्हणू नये.

आणि या माणसांपैकी निम्मी तरी नाशिक शहराबाहेर बसवा. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली होती; त्यात दवाखान्यांची तक्रार होती. तिथला रुग्ण धरमपूर-वलसाडकडे जातो, कारण ते जवळ पडतं. त्याच्यासाठी म्हसरूळहून चालणारं सुंदर अॅप कामाचं नाही. डोंगराआड रेंजच नसते. सुरगाणा, पेठ, हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर ‘नाशिकला न्या’ म्हणून चिठ्ठी लिहितात, त्या टेबलाशेजारी आपला माणूस हवा. चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव लिहिण्याआधी योजनेतली खाट फोनवर पक्की झालेली हवी, कागदांचे फोटो पुढे गेलेले हवेत. हे काम शेवटी आशाताईंच्याच गळ्यात पडणार, हे उघड आहे. त्यांच्याकडे आधीच डझनभर नोंदवह्या आहेत आणि मानधनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं आहे. तेव्हा एका रुग्णाची फाइल पुरी करण्याचे त्यांना किती रुपये आणि किती दिवसांत मिळणार, हा आकडा प्रकल्पाच्या पहिल्याच कागदावर हवा.